गच्ची आपली, मांजा कोणाचा?

संक्रांत आठ दिवसांवर आली की आपल्या शहरात एक ठरलेला प्रयोग सुरू होतो. कलेक्टर साहेबांचा आदेश निघतो. पोलीस दोन-चार दुकानांवर जातात. जप्त केलेल्या चरख्यांसह फोटो निघतो, तो हिंदी दैनिकात छापून येतो आणि आपण सकाळच्या चहाबरोबर तो पाहून म्हणतो, "बरं झालं, एकदाचा चिनी मांजा बंद झाला." मग १४ तारखेला दुपारी लष्करातल्या कोणत्याही उंच गच्चीवर उभे राहून पाहावे. बंद झालेला मांजा दौलतगंजापासून जनकगंजापर्यंत आकाशात ताणलेला असतो. आणि संध्याकाळी, सूर्य मावळतीला गेला की, त्याच आकाशातून घारी, कावळे, पोपट आणि बगळे आपापल्या झाडांकडे परतत असतात.

त्यानंतर काय होते ते बहुतेकांनी पाहिले आहे, पण बोलत कोणी नाही. म्हणून या अंकात जरा स्पष्ट लिहितो. कडू लागले तर तिळगुळाला अजून वेळ आहे.

प्रथम "चिनी" या शब्दाचा निकाल लावू. हा शब्द फार सोयीचा आहे. चिनी म्हटले की पाप आपोआप हिमालयापलीकडे जाते आणि आपले हात स्वच्छ राहतात. वस्तुस्थिती अशी की ज्याला आपण चिनी मांजा म्हणतो तो नायलॉनचा किंवा तत्सम कृत्रिम धाग्याचा एकेरी दोर असतो, आणि तो आपल्याच देशातल्या कारखान्यांत तयार होतो. "मोनो काईट" वगैरे नावाने त्याच्या चरख्या विकल्या जातात. विकणारा आपल्याच बाजारातला, घेणारा आपल्याच गल्लीतला आणि पैसे आपल्याच घरातून गेलेले. यात चीन आला कुठून? नातवाने शंभर-दोनशे रुपये मागितले आणि आजोबांनी "कशाला हवेत?" हे न विचारता काढून दिले, इतकीच या मांजाची खरी जन्मकथा आहे.

हा धागा पक्ष्याचे नेमके काय करतो ते समजून घेतले पाहिजे, कारण पुष्कळांची समजूत अशी की पक्षी "अडकतो" आणि सोडवला की उडून जातो. तसे नाही. साधा सुती दोरा ताण आला की तुटतो. नायलॉन ताणतो, लांबतो, पण तुटत नाही. त्यावर काचेची किंवा धातूची पूड चढवलेली असली तर तो करवतीसारखा चालतो. घार वेगाने येते, पंखाची पुढची कड धाग्यावर बसते. खांद्यापासून पंखाच्या मनगटापर्यंत कातड्याचा एक पातळ पडदा असतो. त्याच्याच जोरावर घार तासन्तास पंख न हलवता तरंगते. धागा आधी हा पडदा फाडतो, नंतर आतली शीर, आणि पक्षी जितका धडपडेल तितका धागा हाडापर्यंत जातो. असा पक्षी जिवंत राहिला तरी त्याचे आकाश बहुधा संपलेले असते. कुत्र्यांनी त्याला गाठले नाही तर उपासमार गाठते.

"पण पक्ष्याला दिसत कसं नाही? घारीची नजर तर इतकी तीक्ष्ण!" हा प्रश्न आम्हाला चांगल्या शिकलेल्या लोकांनी विचारला आहे. घारीची नजर तीक्ष्ण आहे ती खाली, जमिनीवर. उडताना ती अन्न शोधत खाली पाहत असते. इंग्लंडमधील संशोधक ग्रॅहॅम मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये गिधाडांच्या दृष्टिक्षेत्राची मोजणी केली. गिधाड मान खाली करून पाहू लागले की ज्या दिशेने ते उडत आहे नेमकी तीच बाजू त्याला दिसेनाशी होते, असे त्यात आढळले. लाखो वर्षे आकाशात समोरून काही आडवे येत नव्हते. ते डोळे मोकळ्या आकाशासाठी घडलेले आहेत. तिथे मावळत्या उन्हात केसासारखा पारदर्शक धागा कोणाला दिसणार? तुम्हाआम्हाला स्कूटरवरून जाताना दिसत नाही, तर पक्ष्याला कुठून?

आकाशात ताणलेल्या तारेने काय होते याचा धडा आपल्या भागाने इतरांआधी घ्यायला हवा होता. आपल्या शेजारी घाटीगाव आणि शिवपुरी जिल्ह्यातले करेरा, ही दोन्ही अभयारण्ये सोनचिरैयासाठी, म्हणजे आपल्या माळढोकासाठी, निर्माण झाली. करेऱ्याचा माळढोक केव्हाच नाहीसा झाला आणि अखेर ते अभयारण्यही कागदावरून उतरवले गेले. तिथला पक्षी मांजाने गेला असे आम्ही म्हणत नाही, त्याची कारणे निराळी होती. पण राजस्थान-गुजरातेत जे थोडे माळढोक उरले आहेत ते विजेच्या तारांना धडकून मरतात, आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्या तारा जमिनीखाली घेण्याचा आदेश द्यावा लागला. तिथे तारा निदान घरात दिवा लावतात. आपल्या तारा काय करतात? "काटा!" म्हणून ओरडण्याचा आनंद देतात.

आता घारीविषयी थोडे. घार म्हटले की नाक मुरडणारे आपल्यात पुष्कळ आहेत. मांस खाते, कोंबडीची पिल्ले उचलते, उकिरड्यावर बसते. दिल्लीत चांदनी चौकात जैन समाजाचे पक्ष्यांचे जुने धर्मादाय रुग्णालय आहे, फार मोठे काम आहे त्यांचे. पण २००३ साली नदीम शहजाद आणि मोहम्मद सऊद हे दोघे भाऊ एक जखमी घार घेऊन गेले तेव्हा ती मांसाहारी म्हणून तिला प्रवेश मिळाला नाही. त्या भावांनी मग आपल्या घराच्या तळघरातच घारींवर उपचार सुरू केले. मांजाने कापलेल्या हजारो घारी त्यांच्या हातांखालून गेल्या. त्यांच्यावरचा "ऑल दॅट ब्रीद्स" हा शौनक सेन यांचा माहितीपट २०२२ मध्ये सनडान्स आणि कान दोन्हीकडे गौरवला गेला आणि पुढे ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचला. जगाने टाळ्या वाजवल्या. आपण काय केले? पुढच्या संक्रांतीला पुन्हा चरखी आणली.

ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला तर याबाबतीत वेगळे सांगायला नको. १४ जानेवारी १७६१ ही तारीख आपल्या घराघरात पाठ आहे. पानिपताच्या त्या दिवशी पायाला जबर घाव लागून पडलेल्या महादजींना राणेखान नावाच्या एका भिस्त्याने उचलले आणि दक्षिणेत सुखरूप आणले. पडलेल्याची जात, त्याचे खाणेपिणे त्याने विचारले नाही. त्या एका माणसाने उचलले म्हणून पुढचे शिंदे, पुढचे लष्कर आणि पुढचे आपण. नेमक्या त्याच तारखेला आपल्या अंगणात पंख तुटलेली घार पडते, आणि आपण मोलकरणीला सांगतो, "ते बाहेर टाकून दे."

शिवाय घार ही काही ऐतखाऊ नाही. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधामुळे देशातली गिधाडे जवळजवळ संपली. २००६ मध्ये त्या औषधावर बंदी आली तोवर फार उशीर झाला होता. गिधाडे करीत होती त्या सफाईतला मोठा भाग आज शहरांमध्ये घारी, कावळे आणि भटकी कुत्री करतात. घारी कमी झाल्या तर उरतील कोण, याचा हिशेब करायला फार शिक्षण लागत नाही. आणि जानेवारी हा घारींचा घरटी बांधण्याचा, अंडी घालण्याचा काळ. जोडीतली एक मेली की त्या वर्षीचे घरटे संपले. कावळ्याचे तर बोलायलाच नको. पितृपक्षात पान वाढून त्याच कावळ्याची आपण तासभर विनवणी करतो, दर्भाचा कावळा करण्याची वेळ आली की हळहळतो, आणि चार महिन्यांनी त्यालाच उलटा टांगलेला पाहून खिडकी लावून घेतो.

पतंग खाली उतरला म्हणजे गोष्ट संपत नाही. तुटलेला मांजा झाडांवर राहतो. सुती दोरा एका पावसाळ्यात कुजतो. नायलॉन कुजत नाही. आमच्या गल्लीतल्या कडुनिंबावर होळीपर्यंत मांजाचे झुपके लोंबत असतात, आणि रात्री घुबडे आणि वटवाघळे त्यात सापडतात. गाईंच्या खुरांत, कुत्र्यांच्या पायांत तो गुंततो. उकिरड्यावर शिळ्या पोळीबरोबर गाय तो गिळतेही. गोमातेच्या नावाने मोर्चे काढणाऱ्यांनी तिच्या पोटातल्या या दोराबद्दल एखादा मोर्चा काढलेला आमच्या तरी पाहण्यात नाही.

यावर जे आक्षेप येतात ते आम्हाला माहीत आहेत. सर्वांत मोठा हा की "प्रत्येक वेळी आमच्याच सणांना उपदेश का? इतरांच्या सणात काय काय होतं ते दिसत नाही?" हा आक्षेप आपल्या बैठकीत हमखास येतो आणि त्यावर टाळ्याही पडतात. आम्ही विचारतो, संक्रांतीच्या कोणत्या विधीत काच सांगितली आहे? सुगडाची पूजा आहे, वाण आहे, तिळगूळ आहे, हळदीकुंकू आहे, लेकरांचे बोरनहाण आहे, भोगीची भाजी आहे. यातले काही कमी करा असे कोणी म्हणत नाही. पतंगसुद्धा उडवू नका असे आम्ही म्हणत नाही. उन्हात उभे राहून पतंग उडवण्यासारखे सुख थंडीत दुसरे नाही. प्रश्न फक्त दोऱ्याचा आहे. कापाकापीसाठी काच हवी, सणासाठी नको. इतरांच्या सणातले प्रश्न विचारायचे तर जरूर विचारावेत, पण त्या प्रश्नाने आपल्या अंगणातल्या घारीच्या पंखाला टाका पडत नाही. आणि दोन्ही बाजूंनी "आधी ते, मग आम्ही" असे म्हणत बसले की मधल्यामध्ये पक्षी मरतात.

दुसरा आक्षेप जरा विचार करण्यासारखा आहे. "नायलॉन नको हे मान्य, पण बरेलीचा सुती मांजा तर आपला परंपरागत आहे, तो चालू द्या." बरेलीचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या हे काम करतात, गरीब माणसे आहेत, काच घोटून घोटून त्यांचीच बोटे कापलेली असतात. नायलॉनने त्यांचाही धंदा बुडवला. त्यांच्याविषयी आम्हाला सहानुभूती आहे. पण खरे ते बोलले पाहिजे: भाताच्या खळीत काचेची पूड मिसळून सुती दोऱ्यावर चढवली की तो दोरासुद्धा पंख कापतो. तो नायलॉनपेक्षा लवकर तुटतो, लवकर कुजतो, म्हणून कमी वाईट इतकेच. बरेलीच्या हातांना दुसरे काम देण्याची जबाबदारी सरकारची आहे. ती पक्ष्यांवर ढकलता येणार नाही.

कायदा याबाबत काय म्हणतो? राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ११ जुलै २०१७ रोजी नायलॉन आणि सर्व कृत्रिम धाग्यांच्या मांजाचे उत्पादन, साठवण, विक्री, खरेदी आणि वापर यांवर देशभर बंदी घातली. वाचकांनी "खरेदी" आणि "वापर" हे शब्द पुन्हा वाचावेत. गुन्हेगार केवळ दुकानदार नाही. चरखी हातात धरणारा आणि ती घेऊन देणारा, दोघेही त्यात येतात. दिल्लीने त्याआधीच, १० जानेवारी २०१७ च्या अधिसूचनेने, आणखी पुढे जाऊन काच किंवा धातू चढवलेला सुती दोरासुद्धा बंद केला आणि फक्त साध्या सुती दोऱ्याला परवानगी ठेवली. ही भाषा स्वच्छ आहे. "चिनी मांजा" म्हटले की दुकानदार म्हणतो हा चिनी नाही, आणि पोलीसही मान डोलावतो. "साध्या सुती दोऱ्याशिवाय काही नाही" म्हटले की वाद उरत नाही, बोट फिरवून पाहिले की कळते. आपल्या कलेक्टरांच्या आदेशात नेमके हेच शब्द असावेत, ही आमची पहिली मागणी.

दुसरी मागणी वेळेची. १० जानेवारीला धाड घालून काय मिळते? माल तर त्याआधी कित्येक आठवडे गोदामात आलेला असतो आणि तोवर घराघरांत पोचलेला असतो. धाड घालायची तर नोव्हेंबरात घाला, ठोक व्यापाऱ्यावर घाला, गल्लीतल्या टपरीवाल्यावर नको. पण ठोक व्यापाऱ्याच्या ओळखी असतात, देणग्या असतात, म्हणून प्रत्येक वर्षी टपरीवाल्याचाच फोटो येतो. मग एखादा माणूस मेला की सारे जागे होतात. उज्जैनला २०२२ च्या संक्रांतीत दुचाकीवरून जाणाऱ्या एका तरुणीचा गळा मांजाने चिरला, तेव्हा विक्रेत्यांच्या घरांवर बुलडोझर गेला. प्रश्न मिटला का? २०२४ च्या संक्रांतीला धारमध्ये सात वर्षांचे पोर वडिलांच्या पुढे गाडीवर बसले होते, त्याचा गळा कापला गेला. बुलडोझर टीव्हीवर छान दिसतो, गोदामातला माल मात्र तसाच राहतो. ज्या धाग्याने आज पक्षी कापला जातो त्याच धाग्याने उद्या माणूस कापला जातो, हे कळायला आपल्याला एवढ्या मोठ्या किमती का मोजाव्या लागतात?

शेजारच्या गुजरातने २०१७ पासून करुणा अभियान चालवले आहे. उत्तरायणाच्या दिवसांत वन खाते, पशुवैद्य आणि स्वयंसेवक ठिकठिकाणी केंद्रे उघडतात, जखमी पक्षी आणून द्या म्हणून सांगतात, आणि सकाळी लवकर व संध्याकाळी पक्ष्यांच्या येण्याजाण्याच्या वेळी पतंग उडवू नका असे आवाहन करतात. पतंगाचे वेड गुजरातपेक्षा जास्त कुठे आहे? तिथे जे जमते ते ग्वाल्हेरात का जमू नये? आपल्या नगर निगममध्ये ६६ वॉर्ड आहेत. १३ ते १६ जानेवारी या चार दिवसांत मुरार, लष्कर आणि ग्वाल्हेर या तीन भागांत एकेक केंद्र, आणि सणानंतर झाडांवरचा मांजा उतरवायला निगमच्या शिड्यांच्या गाड्या, एवढे मागणे फार आहे काय? २०२२ च्या निवडणुकीत ५७ वर्षांनी महापौरपद एका पक्षाकडून दुसऱ्या पक्षाकडे गेले. मांजा मात्र झाडावरच राहिला. तेव्हा या प्रश्नात आम्ही कोणत्याच पक्षाचे मिंधे नाही. पुढच्या वेळी जो उमेदवार हात जोडून दारात येईल त्याला आधी हा प्रश्न विचारायचा, मग पाणी द्यायचे.

इथपर्यंत वाचून माना डोलावणाऱ्यांसाठी आता खरी गोष्ट. सरकारला शिव्या घालणे सोपे आहे. पण जुन्या लष्करातल्या गच्च्या कोणाच्या आहेत? दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये किल्ल्याच्या पायथ्याशी छावणी टाकली, तिचे शहर झाले, आणि सरदार, कारकून, शास्त्री, गवई यांचे वाडे उभे राहिले. त्यातले बरेच पडले, काही विकले गेले, तरी गल्लीतली उंच, मोकळी, चारही बाजूंनी वारा लागणारी गच्ची पुष्कळ ठिकाणी अजून मराठी घराचीच आहे. त्या गच्चीवर आपली मुले चढतात, भाडेकरूंची चढतात, मुलांच्या वर्गातली अर्धी टोळी चढते. जिन्याच्या दाराची किल्ली आजींच्या कमरेला असते! जिन्यातून वर काय न्यायचे ते ठरवायला कोणाचा आदेश लागतो? भाडेकरूला पाणी किती वाजता सोडायचे हे सांगणारे आपण, मांजाबद्दल मात्र "मुलं आहेत, खेळू द्या" म्हणतो.

आमचे म्हणणे इतकेच की जिन्याच्या दारात चरखी पाहावी. साधी सद्दी असेल तर वर जावी, नाहीतर दारातच राहावी, मग ती आपल्या नातवाची असो की पाहुण्यांच्या मुलाची. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी पाचनंतर गच्ची बंद. मुले रुसतील. रुसू द्या. सद्दीनेही पेच लढवता येतात, मात्र त्यात हात लागतो, काच लागत नाही. जुन्या पतंगबाजांना विचारा, ढील देऊन काटणे ही कला होती. आज नायलॉन धरून नुसते ओढायचे, यात कसली आली पतंगबाजी!

जखमी पक्षी सापडला तर काय करायचे तेही माहीत असावे. दोरा ओढू नये, पक्ष्याजवळ दोन्ही बाजूंनी कात्रीने कापावा आणि पंखात रुतलेला भाग तसाच राहू द्यावा. डोक्यावर सुती फडके टाकले की पक्षी शांत होतो. घार असेल तर नख्यांपासून हात जपावा. भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात ठेवावे. चोचीत पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. दूध-पोळी तर मुळीच नको. हळद भरून घरगुती इलाज करण्यात वेळ न घालवता पशुवैद्याकडे न्यावे. मोर असेल तर वन खात्याला लगेच कळवावे, तो वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला आहे, घरात ठेवणे हाही गुन्हा ठरतो.

आपल्या मंडळांनीही संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून स्टीलच्या वाट्या देण्याऐवजी एखाद वर्षी सद्दीची गुंडी द्यावी. हसू नका. एक गुंडी गेली तर एक मांजा कमी येईल. किंक्रांतीला कोणतेही शुभ काम करीत नाहीत म्हणून सारे घरीच असतात. त्या दिवशी तरुण मंडळींनी आपापल्या गल्लीतल्या झाडांवरचा दोर काठीने उतरवावा, बारीक तुकडे करून कचऱ्यात द्यावा. विजेच्या तारांवरचा मात्र स्वतः काढू नये, धातूची पूड लावलेल्या दोऱ्यातून करंट येतो, त्यासाठी वीज कंपनीला सांगावे.

कलेक्टरांना द्यायच्या निवेदनाचा मसुदा तयार आहे. त्यात "चिनी" हा शब्द एकदाही नाही, "साध्या सुती दोऱ्याशिवाय काही नाही" हे वाक्य आहे, नोव्हेंबरातल्या तपासणीची मागणी आहे आणि तीन केंद्रांची मागणी आहे. पुढच्या मासिक बैठकीत तो वाचून सह्यांसाठी ठेवला जाईल. एका घरातून एक नव्हे, प्रत्येक सज्ञान माणसाची सही हवी. येताना गेल्या वर्षीची चरखी माळ्यावर पडली असेल तर ती घेऊन यावी. दारातच एक पेटी ठेवली आहे.